नवा लॅपटॉप घ्यायचा आहे, आतलं वायफाय कार्ड कोणतं असावं?

महालचा_वाडा
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक यंदा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली, कॉम्प्युटर शाखा. तिला लॅपटॉप घ्यायचा आहे. बजेट साठ हजार, ओढूनताणून पासष्ट. प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे सगळं तिनं तिचं पाहून ठेवलं आहे. माझा प्रश्न एकट्या वायफायचा आहे, कारण मागच्या लॅपटॉपनं त्याच बाबतीत आम्हाला रडवलं.

घर नागपूरच्या महाल भागात, जुनं, दुमजली. खालच्या भिंती दीड हात जाडीच्या. राउटर खाली बैठकीत, तिची खोली वर मागच्या बाजूला. १०० एमबीपीएसचं फायबर आहे. बैठकीत मोबाइलवर नव्वदच्या वर स्पीड येतो. वर तिच्या लॅपटॉपवर आठ-दहा, कधी तेवढाही नाही. पण त्याच टेबलावर मोबाइल ठेवून पाहिला तर पस्तीस-चाळीस मिळतो. म्हणजे दोष नुसत्या भिंतींचा नाही, असं मला वाटतं.

मागच्या सत्रात ऑनलाइन तोंडी परीक्षा चालू असताना तीनदा तुटलं. शेवटी ती जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि तिथून उत्तरं दिली. मला ते पाहवलं नाही.

बर्डीवर दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे एकच उत्तर, "काका, वायफाय सिक्स आहे, बिनधास्त घ्या." कार्ड कोणतं म्हटलं तर "कंपनी जे टाकते ते." पसंतीला दोन मॉडेल आहेत. एक रायझनचं, त्याच्या माहितीत "वायफाय ६, २×२" लिहिलं आहे. दुसरं कोअर आय फाइव्हचं, त्यावर "वायफाय ६, १×१". तिला उबुंटूही (लिनक्स) टाकायचं आहे. या २×२, १×१ नं नेमका काय फरक पडतो? आणि कार्ड आवडलं नाही तर नंतर बदलता येतं का?

---

प्रतापनगर_४४
सोमवार, रात्री १०:०५

वायफाय ६ असलं की झालं, काका. १०० च्या कनेक्शनला कोणतंही कार्ड पुरतं. ते पैसे रॅमवर लावा.

---

मिहानवाली
सोमवार, रात्री ११:२०

प्रतापनगर दादा, राउटर ज्या खोलीत आहे त्याच खोलीत बसायचं असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. काकांची अडचण वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी रोज लिनक्सवरच काम करते आणि माझ्या टीममधल्या चार-पाच लॅपटॉपची कार्डं मी स्वतः बदलली आहेत.

१×१ म्हणजे एक अँटेना, डेटाचा एकच प्रवाह. २×२ म्हणजे दोन अँटेना, दोन प्रवाह. कागदावर वायफाय ६ चं १×१ कार्ड ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ६०० एमबीपीएसपर्यंत जातं आणि २×२ कार्ड १२०० पर्यंत. प्रत्यक्षात याच्या निम्मं हाती आलं तरी खूप झालं. आता कोणी म्हणेल, कनेक्शनच १०० चं आहे तर ६०० काय आणि १२०० काय. पण दुसरी अँटेना फक्त स्पीडसाठी नसते. भिंती आणि कपाटांवर आपटून सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी येतो. एका अँटेनाच्या जागी तो क्षीण झाला असेल तर वीतभर अंतरावरच्या दुसरीला बरा मिळू शकतो, आणि कार्ड दोघींचं ऐकून जुळवून घेतं. राउटरजवळ हा फरक कळतही नाही. दोन जाड भिंतींपलीकडे तोच फरक म्हणजे कॉल टिकणं आणि तुटणं. काकांच्या घरासाठी २×२ च घ्यावं, यात मला शंका नाही.

दुसरा मुद्दा वायफाय ५ आणि ६ चा, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. वायफाय ५ हे फक्त ५ गिगाहर्ट्झचं तंत्र होतं. वायफाय ५ चं कार्ड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आलं की वायफाय ४ च्या जुन्या पद्धतीनं बोलतं. वायफाय ६ मध्ये २.४ चा पट्टाही सुधारला. जाड भिंतींच्या घरात लॅपटॉप वरचेवर २.४ वरच येऊन पडतो, त्यामुळे इथे ६ चा उपयोग आहे. मात्र राउटरही २.४ वर वायफाय ६ देणारा हवा.

आता कार्ड बदलण्याचं. इंटेलच्या नावांत फार गोंधळ होतो. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत, रायझनमध्येही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं आणि कार्डावर मुख्यतः रेडिओचा भाग असतो. याला सीएनव्हीआय म्हणतात. ती रायझनच्या लॅपटॉपमध्ये लावली तर चालत नाहीत, जुन्या इंटेलमध्येही नाहीत. एका आकड्याच्या फरकानं लोक चुकीचं कार्ड मागवतात आणि मग परत पाठवत बसतात.

उबुंटूसाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहायचं. एएक्स२१० ला ५.१० किंवा पुढचा. रायझनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मीडियाटेकचं एमटी७९२१ किंवा एमटी७९२२ असतं. एमटी७९२१ चा ड्रायव्हर ५.१२ पासून कर्नलमध्येच आहे. उबुंटू २४.०४ सोबत ६.८ येतो, त्यामुळे ही सगळी कार्डं वेगळं काही न टाकता ओळखली जातात. तरीही इन्स्टॉल करताना मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं, चालू ठेवायला सांगा. कार्ड ओळखलं गेलं नाही तर निदान अपडेट तरी उतरवता येतात.

---

भविष्यवेध
मंगळवार, सकाळी ७:५०

लॅपटॉप पाच-सहा वर्षं वापरणार ना? मग थोडं ताणून वायफाय ७ चंच घ्या. आता ६ घेतलं तर दोन वर्षांत जुनं होईल. किंवा स्वस्तातला घ्या आणि नंतर इंटेलचं बीई२०० हे वायफाय ७ चं कार्ड टाका.

---

मिहानवाली
मंगळवार, सकाळी ८:१५

बीई२०० रायझनसाठी सुचवू नका, दादा. इंटेल ते स्वतःच्या प्लॅटफॉर्मसाठीच देतं आणि रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या अनेक मशीनवर ते सुरूच होत नाही अशा तक्रारी आहेत. रायझनमध्ये बदलायची वेळ आली तर एएक्स२१० घ्यावं.

---

निवृत्त_दूरसंचार
मंगळवार, सकाळी १०:३०

वायफाय ७ बद्दल थोडं लिहितो. नोकरीची सगळी वर्षं रेडिओ लिंकमध्ये गेली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला, ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. आज घरोघरी ५ गिगाहर्ट्झचे राउटर बिनघोर चालतात, ते त्यामुळे. ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागानं मे २०२५ मध्ये काढला. या पट्ट्याची रुंदी ५०० मेगाहर्ट्झ. वायफाय ७ चं मोठं आकर्षण म्हणजे ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल, आणि तो फक्त ६ गिगाहर्ट्झमध्येच होतो. ५०० मध्ये असा चॅनेल एकच बसतो. शिवाय त्या मसुद्यात घरातल्या वापरासाठी कमी शक्तीचीच मुभा होती.

आणि भिंत. वारंवारता वाढली की जाड भिंतीतून पार होणं अवघड होत जातं. २.४ जिथे पोचतो तिथे ५ दमतो, आणि ६ तर बैठकीच्या दारापर्यंतच खरा. महालच्या वाड्यात वरच्या मजल्यासाठी ६ गिगाहर्ट्झच्या कार्डाला जास्त पैसे मोजणं मला पटत नाही. लॅपटॉपमध्ये आपसूक मिळत असेल तर नाही म्हणू नका, पण त्यासाठी दहा हजार वाढवू नका.

वाडा दादा, दोन गोष्टी विचारतो. राउटर बैठकीत नेमका कुठे आहे? आणि उन्हाळ्यात कूलर कुठे लावता?

---

बर्डीचा_पेचकस
मंगळवार, दुपारी १:०५

राम राम. मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, बर्डीतल्या मोदी नंबर ३ गल्लीकडे पंधरा वर्षं झाली. मिहानवाली ताईनं बरोबर सांगितलं. मी फक्त हाताच्या कामाचं सांगतो.

भाऊ, सगळ्यात आधी हे पाहा की कार्ड सुटं आहे का बोर्डावर डकवलेलं आहे. लई पातळ लॅपटॉप येऊन राहिले आता, त्याच्यात बरेचदा वायफायची चिप बोर्डालेच सोल्डर असते. ते बदलत नाही म्हणजे नाही. त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वायफाय कार्ड काढायचं चित्र असलं तर सुटं आहे असं समजा. नसलं तर दुकानदारावर विसंबू नका.

सुटं कार्ड २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, एम डॉट टू नावाच्या खाचेचं. एकच बारीक स्क्रू. त्याच्यावर दोन तारा येतात, एक काळी, एक पांढरी, टोकाले पितळी टोपी, तिळाएवढी. ती टोपी सरळ वर उचलायची. तिरपी ओढली की कार्डावरची खुंटीच निघते. बसवताना टोपी बरोबर खुंटीच्या डोक्यावर ठेवायची, बोटानं हळूच हलवून पाहायची, जागेवर आली की ते बोटाले कळते. मंग सरळ दाबायची. टक्क आवाज येते. आवाज नाही आला तर बसली नाही, दाबत राहू नका, उचला आणि परत ठेवा. ही टोपी फार वेळा काढ-घाल करायची वस्तू नाही, ढिली होते. आणि पहिले बॅटरीचा कनेक्टर काढा, मंगच बाकी. कोणती तार कुठे होती त्याचा मोबाइलनं फोटो काढून ठेवा, रंगाचा नियम सगळ्या कंपन्यांचा एक नसते.

आता दुसरी गोष्ट. त्या दोन तारा बिजागरीतून वर स्क्रीनच्या काठापर्यंत जातात, अँटेना तिथे असते. लॅपटॉप रोज उघडून-मिटून तार तिथेच दबते. तुमच्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी कधी बदलली का? मोबाइल चाळीस देते आणि लॅपटॉप आठ, तर मले कार्डापेक्षा तारेवर शंका आहे.

---

महालचा_वाडा
मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. पेचकस भाऊ, तुम्ही कसं ओळखलं? दोन वर्षांपूर्वी बिजागरी तुटली होती, एका दुकानात बदलून घेतली. आता आठवतं, तक्रारी त्यानंतरच वाढल्या. आम्ही तोवर राउटरलाच दोष देत होतो, एकदा बदललाही.

निवृत्त सर, राउटर बैठकीत खिडकीच्या बाजूला टेबलावर आहे. कूलर त्याच खिडकीत बसतो, पत्र्याचा मोठा, मार्च ते जून. जिना त्याच्या पलीकडे.

आज मुलीला घेऊन दुकानात गेलो. तिनं डेमोच्या मशीनवर काळी खिडकी उघडून "नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स" असं टाइप केलं. त्यात कार्डाचं नाव आणि ते कोणत्या पिढ्या चालवतं ते सगळं आलं. रायझनवाल्यात मीडियाटेकचं एमटी७९२१ निघालं. सेल्समन मुलगाही पाहत उभा राहिला, म्हणाला मलाही शिकवा. तिनं त्याला त्याच्याच दुकानातल्या दोन मशीनवर करून दाखवलं.

---

निवृत्त_दूरसंचार
मंगळवार, रात्री १०:००

मग मूळ त्या कूलरपाशीच आहे. पत्र्यातून वायफाय जात नाही, त्याला वळसा घालून जावं लागतं. वर गवताचे पॅड ओले आणि खाली टाकीभर पाणी. पाणीही या लहरी शोषून घेतं. राउटर आणि जिना यांच्या मध्ये तुम्ही चार महिने पत्रा आणि पाण्याची भिंत उभी करता. नवतपात, भर उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, कूलर काढा असं मी म्हणणार नाही, माणसं आधी. राउटर हलवा. टेबलावरून काढून समोरच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वर, जिन्याच्या दाराच्या रेषेत लावा. फायबरची तार वाढवून द्यायला तुमच्या केबलवाल्याला सांगा, ती स्वतः वाकवू नका, आत काच असते.

आणि खरा पक्का इलाज हवा असेल तर बैठकीतून वर कॅट सिक्सची एक नेटवर्कची तार न्या आणि वर दुसरा लहान राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे तारेनं आलेलं नेट तिथे वायफायनं देणारा करून, लावा. जिन्याच्या कडेनं पंधरा-वीस मीटर तार पुरते. मग वरच्या खोलीत १×१ चं कार्डही धावेल.

एक आणखी. राउटरचा २.४ चा चॅनेल ऑटोवर असेल तर १, ६ किंवा ११ यांतला एक ठरवून ठेवा. आपल्याकडे १२ आणि १३ वापरायला मुभा आहे, पण परदेशी नियमांवर बेतलेली काही कार्डं त्या चॅनेलकडे पाहतच नाहीत. मग मोबाइलला घरचं नाव दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही, आणि माणूस कार्ड बदलत बसतो.

---

प्रतापनगर_४४
मंगळवार, रात्री १०:२५

माझं पहिलं उत्तर घाईचं होतं, काका. आमच्या घरीही कूलर आणि राउटर एकाच खिडकीत आहेत. उद्याच हलवतो.

---

हिंगणा_रोड
बुधवार, सकाळी ९:३०

यूएसबीचं वायफाय डोंगल लावलं तर? चारशे-पाचशेत मिळतं. नवा लॅपटॉपच कशाला?

---

मिहानवाली
बुधवार, सकाळी ९:५५

लॅपटॉप त्यांना अभ्यासासाठी तसाही हवाच आहे. डोंगल अडीअडचणीला ठीक. पण नखाएवढ्या डोंगलमध्ये अँटेनाही नखाएवढीच, जाड भिंतीपलीकडे त्याचा फार उपयोग नाही. आणि उबुंटूवर पुष्कळ स्वस्त डोंगलांचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवावा लागतो. कर्नल अपडेट झाला की तो पुन्हा बांधायचा, नाहीतर नेट बंद. दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या मागे ऐन परीक्षेत ते लचांड नको.

काका, एमटी७९२१ चालेल. २×२ आहे, कार्ड सुटं असेल तर अजून चांगलं. पहिल्या दिवशी विंडोजमध्येच ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून अपडेट करा. उबुंटूवर झोपेतून उठल्यावर वायफाय हरवलं तर आधी अपडेट पूर्ण करा आणि वीज वाचवण्याची सेटिंग बंद करून पाहा. तरीही जमलं नाही तर मग एएक्स२१०. कार्ड मागवताना वाय-फाय खाचेतल्या पीसीआयई जोडणीवर आणि ब्लूटूथ यूएसबी जोडणीवर चालतं हे लक्षात ठेवा. काही मशीनमध्ये त्या खाचेत यूएसबीची जोडणी नसते, तिथे वायफाय चालतं आणि ब्लूटूथ दिसत नाही.

---

बर्डीचा_पेचकस
बुधवार, दुपारी २:४०

आणखी एक, वॉरंटीचं. झाकण उघडायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरले ईमेल करून विचारा, कार्ड बदलू का म्हणून. लेखी उत्तर ठेवा. काही जुन्या मशीनमध्ये बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, चालणाऱ्या कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन चालूच होत नाही. नव्यात हे कमी झालं आहे, पण विचारून घ्या.

आणि जुना लॅपटॉप फेकू नका. फक्त न्या कोणाकडेही, उघडून तार पाहायला सांगा.

---

महालचा_वाडा
पुढचा रविवार, सायंकाळी ६:३०

उशिरा लिहितो आहे, घरात गडबड होती.

रायझनवालाच घेतला. सर्व्हिस मॅन्युअल पाहिलं, कार्ड सुटं आहे, पान उघडून मुलीनंच दाखवलं. उबुंटू २४.०४ तिनं शनिवारी रात्री टाकलं, वायफाय पहिल्या झटक्यात आलं.

राउटर समोरच्या भिंतीवर गेला. केबलवाल्या मुलानं तार वाढवून दिली. नुसतं एवढ्यानं तिच्या टेबलावर नव्या लॅपटॉपवर पंचेचाळीस-पन्नास आले, कूलर चालू असताना. मग काल जिन्याच्या कडेनं कॅट सिक्स टाकली आणि आमचा जुना राउटर, जो आम्ही निष्कारण बदलला होता, तोच वर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. आता वर नव्वद येतात. दुसरा राउटर विकत घ्यायची गरजच पडली नाही.

जुना लॅपटॉप घराजवळच्या एका कारागिराकडे नेला. त्यानं माझ्यासमोर उघडला. बिजागरीपाशी काळ्या तारेचं आवरण चेपलेलं, आतली जाळी उघडी पडलेली, एका जागी तर नुसता धागा राहिला होता. कार्ड १×१ चं, म्हणजे त्याला तेवढी एकच तार होती. नवी तार टाकायला साडेतीनशे रुपये घेतले. आता तोच लॅपटॉप बायको भजनी मंडळाच्या ऑनलाइन सरावाला वापरते आहे, वरच्या गच्चीच्या दारापर्यंत तुटत नाही.

मुलगी म्हणते, जिन्यातली ती पायरी तिला आता नुसती पायरी म्हणून वापरता येते.

---

बर्डीचा_पेचकस
रविवार, सायंकाळी ७:१०

मले वाटलंच होतं, तारच असणार. त्या कारागिराले सांगा, नवी तार बिजागरीच्या खाचेतून नेली आहे का वरून ते एकदा पाहून घे. वरून असली तर वर्षभरात परत दबते.

---

महालचा_वाडा
रविवार, रात्री ८:००

आत्ताच फोन केला. खाचेतूनच नेली आहे म्हणाला, फोटोही पाठवला.